गडाच्या कठड्यापाशी मांडलेली पूजा

रामटेकला निघाले तेव्हा मला रामाचा रागच आला होता, पण तसं मनातल्या मनात बोलायचीही भीती वाटत होती. आठ वर्षांची माझी चिमी एक शब्द बोलत नव्हती. माझ्यामागे हिचं कसं होणार, या धास्तीने झोप उडाली होती. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास ऑटिझम हा शब्द नागपुरात फार कुणी ऐकला नव्हता. चिमीच्या शाळेतल्या बाईंनी तो सांगितला आणि शिकवायची रीतही दिली: बोलून सांगू नका, मांडून दाखवा. वस्तू डावीकडून ओळीने ठेवायच्या, एकेक काम झालं की ती वस्तू टोपलीत; ओळ संपली की काम संपलं. रोजची देवपूजा चिमी अशीच शिकली होती. पाण्याची लोटी, फूल, घंटी, साखर. तिचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. त्या सकाळी मात्र मी शहाणपणा केला. देवाच्याच दारी निघालोय, मग घरची पूजा कशाला, म्हणून पाट मांडलाच नाही.

बसमध्येच चिमी कण्हायला लागली. गडावरच्या गर्दीत तिने हाताला हिसडा दिला आणि पळाली. दिसली ती थेट तटाच्या कठड्यावर उभी, पलीकडे खोल उतार. हाक मारली तर ती आणखीच कडेला सरकली. माझ्या शेजारी पूजेचं ताट घेतलेली एक अनोळखी म्हातारी होती.

“ओरडू नको वं,” ती हळूच म्हणाली. “तिले काय समजते?”

“बोललेलं नाही समजत. मांडलेलं समजते.”

“मग मांड ना वं! घे माह्यं ताट.”

रामासाठी आणलेलं सगळं तिने माझ्यापुढे ठेवलं. कठड्यापाशी मी घरच्यासारखीच ओळ लावली, शेवटी माझ्या हातातली टोपली रिकामी करून ठेवली आणि पाठ करून बसले, कारण कुणी टक लावून पाहिलं की चिमी बिथरायची. ती उडी मारेल, या भीतीने मी डोळे गच्च मिटले. रामा, आता तूच बघ, एवढंच म्हटलं. काही मागायचं सुचलंच नाही. मग पाणी सांडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने घंटी वाजली.

वळले तेव्हा चिमी माझ्यामागे बसून साखर खात होती. मी हमसून हमसून रडले. म्हातारी गर्दीत कुठे गेली कळलं नाही. तिला कुणी पाठवलं, हे मी आजही विचारत नाही, नुसते हात जोडते. माझं रडणं थांबतंय तोवर चिमी उठली, तिने आपणहून माझं बोट धरलं आणि पायऱ्या उतरायला लागली. दर्शन राहिलं होतं, हिला बोलतं कर हे मागणंही राहिलं होतं. मी तिला थांबवलं नाही. ती नेईल तशी मागे मागे चालत राहिले.