गूळ-पाणी कुणाला

ग्वाल्हेरला दौलतगंजच्या घरून निघाले तेव्हा खाली ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि अप्पा पेपर वाचत होते. पेपर कालचा होता. आईने हातावर दही घातलं, भावाने ‘दीदी चल, गाडी निकल जाएगी’ म्हणत बॅग उचलली. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, “जा. आता येशील ती पाहुणी म्हणून.”

आंद्रेसशी लग्न करून मी कोलंबियाला निघाले होते, त्याचा हा राग. आमच्याकडे पाहुणा दारात आला की अप्पा स्वतः ताटलीत गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला आणतात. घरच्या माणसाचे असले लाड नाहीत. त्याने आत जायचं आणि माठातलं पाणी आपल्या हाताने घ्यायचं. त्यामुळे ते वाक्य जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं.

बोगोटाला बारा महिने स्वेटर. दार उघडताच सासूबाईंनी हातात वाफाळता मग दिला, अग्वापानेला. म्हणजे चक्क गुळाचं गरम पाणी, वर त्यात चीजचे तुकडे सोडलेले. बाई गं, अर्धं जग ओलांडून आले तर इथेही गूळ-पाणी! म्हटलं, इथेही पाहुणीच.

मग मी पाहुणीसारखीच वागायला लागले. सोफ्याच्या कडेवर बसायचं, दिलं तेवढं खायचं. सासूबाई आत कच्च्या केळ्याचे पातकोन तळायच्या, चेचायच्या, पुन्हा तळायच्या. मक्याच्या पिठाच्या करंज्या करायच्या, त्यांना एम्पानादा म्हणतात. माझ्यासाठी मुद्दाम नुसत्या बटाट्याच्या. वासाने जीव कासावीस व्हायचा, पण मी काही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. पाहुण्याने कुणाच्या चुलीपाशी जायचं नसतं, हे आमच्या हाडात भिनलेलं. इकडे सासूबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. आंद्रेस आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून आईकडे. कशाबद्दल काय चाललंय, त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

एका सकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “अग्वापानेलाचं भांडं कधीपासून चुलीवर आहे, पोरी. तू कुणाची वाट बघतेस?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिथे ते पाणी मुळी पाहुण्यांपुरतं नाहीच. घरातला जो तो दिवसभर आपापलं ओतून घेतो. आणि मी महिनोन्महिने कुणीतरी देईल म्हणून बसलेली. त्यांना वाटत होतं, मुलीला आपलं घर पसंत नाही. मी उठले, माझा मग भरून घेतला आणि त्यांच्याशेजारी ओट्यापाशी उभी राहून प्यायले. आरेपा भाजायलाही त्याच दिवशी लागले. मक्याची जाड भाकरी, पोटात चीज. पहिल्या सगळ्या करपल्या, त्या सासूबाईंनी मुकाट्याने खाल्ल्या.

तिथलं असं मिटलं. ग्वाल्हेरचं काही मिटेना. इतक्या वर्षांत अप्पा एकदाही फोनवर आले नाहीत. यंदा आम्ही दोघं निघालो, तेव्हा आई म्हणाली होती, ये तू, त्यांचं मी काही सांगू शकत नाही.

ग्वाल्हेर स्टेशनवर उतरून ऑटो केला. फूलबागेपाशी ऑटो जाममध्ये अडकला, तर मला बरंच वाटलं. आंद्रेस बॅगेतल्या मक्याच्या पिठाची पाकिटं चाचपत काहीबाही विचारत होता. मी हूं हूं करत होते. डोळ्यांपुढे फक्त ती ताटली. त्यांनी माझ्यापुढे गूळ धरला तर मी काय करणार होते, कोण जाणे.

दार अप्पांनीच उघडलं. किती वाळले होते! आत गेले आणि ताटली घेऊन आले. ताटलीत गूळ होता, पाण्याचा पेलाही होता. मी उंबऱ्यातच उभी. ती ताटली त्यांनी आंद्रेसपुढे धरली. त्याने सवयीने गूळ पेल्यात टाकला आणि बोटाने ढवळायला लागला. अप्पा बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले.

“तू काय उभी राहिलीस? माठ जागेवरच आहे.”

मी चपला काढून आत गेले. माठ खरंच जागेवर होता. आई दाराआडून बघत होती, तिने पदर तोंडाशी धरला. मी एकामागून एक दोन पेले प्यायले, अर्धं पाणी अंगावर सांडलं.

आंद्रेस माझ्या मागोमाग आला. हळूच स्पॅनिशमध्ये विचारलं, मला दिलं, तुला नाही दिलं, अजून रागावलेत का?

“नाही रे,” मी तोंड पुसत म्हटलं, “मी घरची आहे.”