मायच्या पाठीतलं पाणी

तीन दिवस झाले, मला झोप नाय.
माझा भाऊ घरचा रस्ता विसरला.

आज मायला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकलाय खाली.
मी आठवी शिकलेली. मोबाईलमधी बोलून टाईप करतेय. चुकलं तर समजून घ्या.

माय फुलंब्रीत ब्लाऊज शिवायची. दिवाळीत आमच्या दारात बायकांची लाईन लागायची.

पन्नाशी नुकतीच झाली होती, तेव्हा एका ब्लाऊजला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

मी म्हणले, "माय, हे काय गं?"
तर हसली. "ती बाईच तशी हाय. सरळ काही बसतच नाय तिला."

आम्ही पण हसलो. वर्षभर हसलोच.

मग गॅस चालू सोडायला लागली.
मग एकदा आमच्याच गल्लीत मलाच विचारलं, "बाई, तुमी कोणाकडं आल्यात?"

शेजारच्या काकू म्हणल्या, बाहेरचं बघा, एक बाबा हाय ओळखीचा.
संतोषदादानी, माझ्या मोठ्या भावानी, त्यांना दारातूनच जयभीम घातला. "आमच्या घरात बुवाबाजी चालत नाय, काकू."

त्यानीच मायला शहरात मोठ्या डॉक्टरकडं नेलं. हे श्रेय त्याचं. खोटं कामून बोलू.

डॉक्टर मायला म्हणले, घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.
माय म्हणली, "भिंतीवर टांगलंय की तुमच्या. मला कामून काढायला लावता?"
डॉक्टर पण हसले.
पण मायनं सगळे आकडे एकाच बाजूला काढले.

रक्त तपासलं. थायरॉईड, बी ट्वेल्व्ह. डोक्याचा एमआरआय. डॉक्टर म्हणले, विसरायला लई कारणं असतात, काही गोळ्यांनी बरी होतात, म्हणून ती आधी बघायची.
मायला त्यातलं काहीच नव्हतं.
मग म्हणले, वय कमी आहे, पाठीतलं पाणी काढून तपासू.

दादा त्या दिवशी कंपनीत ड्यूटीवर होता. दोनदा लावला, फोन लागला नाय.
मी वाट बघायला पायजे होती.
मी सही केली.

दोन दिवस मायचं डोकं लई दुखलं. डॉक्टरनी आधीच सांगितलं होतं असं दुखू शकतं. थांबलं पण ते. पण दादानी तिला डोकं धरून बसलेली बघितलं, ते त्याच्या डोळ्यापुढून गेलंच नाय.

रिपोर्ट आला. अल्झायमर.

पाण्यात एक प्रोटीन कमी निघालं होतं. मी म्हणले, "कमी हाय तर चांगलंच ना सर?"
ते म्हणले, "नाही ताई. ते मेंदूत चिकटून बसलंय, म्हणून पाण्यात कमी उतरतंय."
बोअरच्या पाण्याचा क्षार पातेल्याला बसतो, तसं मी समजले.

मी विचारलं, "कशानं झालं? आमचे वडील लवकर गेले, त्या टेन्शननं?"
"का साचतं ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत. तुमच्या कोणाच्या चुकीनं नाही झालं."

हे ऐकायला दादा नव्हता.

त्यानंतर तीन वर्षं माय होती. आधी चालणं गेलं, मग बोलणं. शेवटी गिळता येईना, घास छातीत गेला, न्यूमोनिया झाला.
त्या टेस्टचा काही संबंध नव्हता.

माय गेल्यावर जलदानाचा विधी झाला, त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांपुढं दादा म्हणला, "दवाखान्यात माय आपल्या पायानं चालत गेली होती. हिनी सही केली आन् तिचं पाणी काढलं."
तेव्हापासून बोलत नाय. माझा नंबर ब्लॉक हाय.

मंगळवारी वहिनीचा फोन आला.
"ताई, कोणाला सांगू नका."

दादा ड्यूटीवरून येताना हर्सूल तलावापाशी गाडी लावून उभा होता. रसवंतीवाल्याला विचारत होता, फुलंब्री कोणीकडं.
सोळा वर्षं त्याच रस्त्यानं येतो तो.
रसवंतीवाला ओळखीचा, त्यानी वहिनीला कळवलं. पंधरा दिवसात दुसऱ्यांदा झालं, वहिनी म्हणली.

दादा एक्केचाळीसचा हाय.

काल मी मायच्या डॉक्टरकडं गेले. ते म्हणले, "कमी वयात झालं तर कधी कधी ते घराण्यात असतं. कधी नसतं. आत्ताच अल्झायमर म्हणू नका. झोप नसेल, बी ट्वेल्व्ह असेल. बघितल्याशिवाय मी कसं सांगू?"

मला भ्याव वाटतंय. दादासाठी. माझ्यासाठी पण.
मी बत्तीसची. माझी गुड्डी चार वर्षांची.
सकाळी तिच्या डब्याचं झाकण सापडेना, तर मी खाली बसून रडले. गुड्डीनीच शोधून दिलं.

बुधवारी मी दादाच्या दारात गेले होते. तो मागच्या दारानी निघून गेला.
म्हणून इथं लिहिलं. वहिनी, माफ कर. कोणाला सांगू नका म्हणलीस, मी सगळ्यांना सांगितलं.

तुमच्यापैकी लई जणांकडं त्याचा नंबर हाय. कंपनीतले, शाळेतले, विहारातले.
माझी बाजू घेऊ नका. भांडू नका त्याच्याशी.

एवढंच म्हणा, सोमवारी सकाळी अकराची मायच्या डॉक्टरची वेळ घेतलीय.
पहिल्याच दिवशी पाठीत सुई घालत नायत. बोलतात, विचारतात, रक्त घेतात. पुढं काही करायचं का नाय ते त्यानी ठरवावं. सही त्याची त्यानी करावी.
मी तिथं येणार नाय. माझं तोंड बघायचं नसलं तर राहू दे. वहिनीला घेऊन जा म्हणा.

माय, आज तुझ्यावर लिहायचं होतं. अर्धं दादावरच गेलं. तू पण तेच केलं असतं.

कमेंटमधी तुम्ही सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहाल. लिहा.
पण आधी संतोषदादाला फोन लावा.