मोबाईलपुढचा तांब्या

श्रीगोंद्याकडं आमच्या रानाला लागूनच आबांचा मळा. ते उसाचे व्हिडिओ टाकतात आणि मोबाईल धरायचं काम माझ्याकडं असतं. सुरू करण्याआधी ते चपला बांधावर काढतात, टोपी नीट करतात आणि मोबाईलपुढं पाण्याचा तांब्या ठेवतात. "बघनारा पाव्हनाच हाय की," म्हणतात.

परवा पाकिस्तानातल्या एका शेतकऱ्यानं कमेंटमध्ये विचारलं, ऊस पिवळा पडतोय, काय करू? ही गोष्ट चहाच्या टपरीवर पोचली.

"आबा, त्याला उत्तर द्यायचं न्हाई. न्हाईतर व्हिडिओ बंद पाडू," एकानं दम दिला.

आबांनी सावकाश चहा संपवला. "दारात आलेल्याला आपन आदी पानी देतो, मग गाव इचारतो. तुमच्यात उलटं हाय का?"

दुसऱ्या दिवशी दम देणारा दोघांना घेऊन बांधावर येऊन उभा राहिला. मी मोबाईल खाली घेतला.

"नीट धर," आबा मला म्हणाले. तांब्या पुढं ठेवला. मग कुदळ घेऊन त्यांनी आपल्याच उभ्या उसाचं एक बेट मुळासकट उपटलं आणि मोबाईलसमोर धरलं.

"भाई, पहले जड देखो. गाव बाद में पूछेंगे."