डाव्या शीटवरचं वजन

बायको गेली त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघं जालन्याला जाऊन गाडीच्या चाकांची अलाइनमेंट करून आल्तो. जोडीनं केलेलं तेच आमचं शेवटचं काम. लोकांचं शेवटचं काम देवदर्शन असतं, नातवाचं बारसं असतं. आमचं अलाइनमेंट. मला त्याची लाज बिलकुल वाटत न्हाई.

आधी गाडीचं सांगतो, न्हाईतर तुम्ही म्हणाल म्हातारा कोणत्या गाडीचं बोलून राह्यला. मी जलमभर जालन्यात एका सळईच्या कारखान्यात मालकाचा डायवर होतो. मालकाच्या पोरानं तरुणपणी एक विलायती स्पोर्ट गाडी आणली होती. दोन दरवाजे, दोनच शिटा, रंग लाल, आणि बुटकी एवढी की शेळीनं वरून उडी मारावी. पोरगं परदेशात गेलं, गाडी शेडात पडली, तिच्यात मांजरीनं पिल्लं घातली. मी नोकरी सोडली तेव्हा मालक म्हणाले, "काय पाहिजे तुला?" मी म्हणालो, "ती मांजरीची गाडी." मालक एवढे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. पण दिली.

तिला चालती करायला एक अख्खा पावसाळा न् हिवाळा गेला. त्या दिवसांत बायको माझ्याशी बोलायची न्हाई, गाडीशी बोलायची. "सटवे, माझ्या नवऱ्याला खाल्लंस," म्हणायची, आणि जाता जाता पदरानं तिची काच पुसायची.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडं. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, म्हशी, आणि मधेच आमची लाल चप्पल. प्रत्येक बिरेकरवर गाडीचं पोट घासायचं, आणि बायको अशी ओरडायची की जसं तिचंच घासलं.

तिचे गुडघे गेलेले. त्या गाडीत बसणं सोपं होतं. गाडीकडं पाठ करायची न् स्वतःला सोडून द्यायचं, धप्प. उतरणं मात्र अवघड. मी समोर उभा राहून दोन्ही हात धरायचो, जोर लावायचो, ती अर्धी उठायची आणि तिथंच तिला हसू फुटायचं. हसली की जोर संपला. परत धप्प, कधी कधी मी पण तिच्यावर. म्हणून तिनं कायदाच केल्ता. घरून बसली की घरीच उतरणार. लग्नाला गेलो तर मांडवाच्या तोंडाशी गाडी लावायची आणि ताट गाडीत मागवायचं. नवरा-नवरी तिथं येऊन पाया पडायचे, आणि पाया पडायला त्यांना वाकावं न्हाई, बसावं लागायचं. तिचा दरबारच भरायचा.

मंग एकदा म्हशीला वाचवताना मी पुढचं चाक खड्ड्यात घातलं. तेव्हापासून स्टेरिंगवरचा हात ढिला केला की गाडी डावीकडं मोसंबीच्या बागेत निघायची. बायको म्हणाली, "हिला मोसंब्याचे डोहाळे लागले. दाखवून आणा."

अंबड रोडला एक अलाइनमेंटवाला आहे. गाडी उचलायचा रॅम्प, चाकांना लावायचे चिमटे, काँप्युटर, सगळं बराबर. माणूस जाडजूड, घामट, पण हाताचा हलका. तो म्हणाला, "बाबा, मावशीला उतरवा."

"तूच उतरव न् दाखव."

एक हात त्यानं धरला, एक मी. बायकोला हसू आलं. धप्प. दुसऱ्यांदा तोच खाली बसला.

"मावशी, वर भ्या वाटंल न तुम्हाला?"

"भ्या काय वाटायचं? पडले तर तुझ्यावरच पडंन. गादीवानी तर हाईस."

गाडीत बसलेलं माणूस रॅम्पनं वर न्यायचं नसतं हे त्यालाही ठाऊक होतं, पण तिच्यापुढं कायदा कोणाचा चालला? त्यानं बटन दाबलं न् आमची बाई निघाली वर. ती कधी विमानात बसली न्हाई. तेच तिचं विमान. वरून ओरडली, "आवं, समोरच्या गच्चीवर पापड वाळू घातलेत! कावळा खाऊन राह्यला! ए बाई, तुझे पापड!" समोरच्या घरातून खरंच एक बाई झाडू घेऊन गच्चीवर पळाली. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. बायको भाजलेल्या शेंगा खात होती, टरफलं खाली अलाइनमेंटवाल्याच्या डोक्यावर.

"मावशी, हालू नका, आकडा हालतो!"

"मी कुठं हालले?"

"हासून राह्यल्या तुम्ही. पोट हाललं की आकडा लाल होतो."

हे ऐकल्यावर तर संपलंच. तो "हासू नका" म्हणायचा, ती पदर तोंडात कोंबायची, गाडी थरथरायची, पडद्यावरचा हिरवा आकडा लाल व्हायचा. शेवटी तो पण खाली उकिडवा बसून हसायला लागला, हातात पाना तसाच.

मंग डोळे पुसून म्हणाला, "तसं बेसच झालं, बाबा. ही गाडी हलकी, शिपरिंगा म्हाताऱ्या. माणूस बसला की बसती. तुम्ही दोघंच फिरता न? मंग तुम्ही पण बसा. दोघांच्या वजनावर लावून देतो." मला पण वर चढवलं. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी अंबड रोडच्या वर हवेत बसून शेंगा खाल्ल्या. खाली चाकं सरळ होत होती.

येताना अंबडच्या पुढं सरळ रस्ता लागला तसा मी हात सोडले. गाडी सुतात गेली. बायकोनं पण दोन्ही हात वर केले, जशी काही तीच चालवत होती.

पाच-सहा दिवसांनी सकाळी भाकरी थापता थापता ती बसल्या जागी गेली. दवाखाना न्हाई, सुई न्हाई, कोणाला विचारणं न्हाई. तव्यावरची भाकर जळाली तेव्हा मला कळलं. ह्याच्यावर मी जास्त लिहू शकत न्हाई, आणि लिहायला मी चौथी शिकलेला माणूस.

गाडीवर ताडपत्री टाकली. पाडव्याला काढली, म्हटलं इंजिन आखडंल. फाट्यापर्यंत नेली तर गाडी उजवीकडं ओढायला लागली. माझ्याच बाजूला. हवा पाहिली, बराबर. परत मोसंबीचे डोहाळे म्हणावं तर मोसंबी डावीकडं. दुसऱ्या दिवशी गेलो जालन्याला.

अलाइनमेंटवाल्यानं गाडी ओळखली. वाकून डावीकडं पाहिलं, मंग माझ्या तोंडाकडं. चिमटे लावले, पडदा पाहिला, आणि म्हणाला, "बाबा, गाडीला काई झालं न्हाई. ही दोघांची सेटिंग हाय. शीट रिकामं हाय तुमचं."

मी तिथं टायरावर बसलो.

"एकट्याची करून देऊ का? चाय येऊस्तोर होतं."

करून घ्यायला काय, पाना फिरवला की झालं. पण त्या चाकांत ती बसलेली होती, हसत, शेंगा खात. पाना फिरवला की उतरली. जिला जित्तेपणी दोघांना उतरवता आलं न्हाई, तिला मी एकटा उतरवू? म्हणून मी येड्यासारखं बोललो, "तिच्या वजनाचं काही ठेवता येतं का शिटावर?"

त्यानं हसायला पाहिजे होतं. तो हसला न्हाई. म्हणाला, "येतं की. किती वजन व्हतं मावशीचं?"

आता आली का पंचाईत! मला काय ठाऊक? काट्यावर ती कधी चढली न्हाई. मेव्हणीला फोन लावला. मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, जालन्यातच राहती, तोंडानं फटकळ.

"तुझ्या ताईचं वजन किती व्हतं गं?"

"आं? दाजी, जलमभर संसार तुम्ही केला न् वजन मला इचारता?"

"अलाइनमेंट करून राह्यलो."

"ताईची?"

"गाडीची! तिच्या वजनाचं शिटावर ठेवायचंय."

तिकडं नाक ओढलं. मला वाटलं रडती. मंग आवाज आला, "मला ठाऊक हाय. पण सांगत न्हाई. सांगितलं तर ती वरून येऊन मला बडवंल." आणि फोन ठेवला. अलाइनमेंटवाल्यानं सगळं ऐकलं होतं. तो पडद्याकडं तोंड करून खांदे हलवत होता.

शेजारच्या दुकानातून त्यानं सरकीच्या पेंडीचं पोतं आणलं. शिटावर ठेवलं, पट्टा लावला. पोतं पडायला लागलं म्हणून त्याच्या गळ्यात माझं उपरणं बांधलं. आम्ही दोघं मागं सरकून पाहायला लागलो. लाल गाडीत, पट्टा लावून, उपरणं घालून बसलेली पेंड.

"बाबा," तो म्हणाला, "मावशी लईच गप बसल्या."

आम्ही हसायला लागलो ते थांबेनाच. मी रॅम्पचा खांब धरला. हसता हसता माझं दुसरंच सुरू झालं, तसं त्यानं मला पाणी दिलं आणि पोतं काढून नेलं.

"करू का मंग एकट्याची?"

"राहू दे."

"ओढंल गाडी."

"ओढू दे. सेटिंग चांगली हाय. शिटाचं बघतो मी."

तसं म्हणालो खरं, पण काय बघणार होतो ते मलाही ठाऊक न्हवतं. घरापर्यंत स्टेरिंग डावीकडं दाबून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. पिंपळगावचा बाजार होता. फाट्यावर आमच्या गावची एक म्हातारी उभी होती, वांग्याचं भरलेलं टोपलं पायाशी, वर कोथिंबिरीच्या जुड्या. मी गाडी थांबवली.

"बाजारला का वैनी? बसा."

"ह्याच्यात? भावजी, येड लागलं का तुम्हाला?"

"पाठ करा न् सोडून द्या स्वतःला."

धप्प. बाई वाळलेली, पण टोपलं वजनदार. ते मांडीवर दिलं, पट्टा तिला न् टोपल्याला मिळून लावला. सरळ रस्त्याला मी हात सोडले. वैनीनं कोथिंबिरीत तोंड खुपसून रेणुकामाईचा धावा सुरू केला. गाडी सरळ गेली. जवळजवळ सरळ.

"पाह्यलं का? गाडीला कोणीतरी बसायला लागतं."

"आधी स्टेरिंग धरा, मुडद्या!"

बाजारात मी पलीकडून आलो, दार उघडलं, दोन्ही हात पुढं केले. वैनीनं हाताकडं पाहिलं, रस्त्यावर मांडून बसलेल्या बाकीच्या बायांकडं पाहिलं. गाडीचं शीट बराबर त्यांच्याच उंचीला.

"मी न्हाई उतरत," ती म्हणाली. "हितंच बरं हाय. सावली पण हाय." आणि तिथूनच आवाज दिला, "घ्या वांगीऽऽ! काटेरी वांगीऽऽ!"

लोक धावून आले. वांगी घ्यायला आले का गाडी पाहायला, देव जाणे. मी दाराशी उकिडवा बसून कोथिंबिरीच्या जुड्या देत राह्यलो.