देव्हाऱ्यातला जंबिया

जुनी हत्यारं पाहून ती कुठली हे ओळखायचा मला नाद आहे. बोथ गावात आमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर मुठींचे, पात्यांचे फोटो ताडून पाहत बसतो.

मागच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आमच्या देव्हाऱ्यातली कट्यार काढली. खापरपणजोबा नागपूरच्या राजांच्या फौजेत होते, ही त्यांची, असं बाबा सांगत; दसऱ्याला आलेल्यांना ती दाखवून त्यांची गोष्टही ऐकवत. दरवर्षी ते तिला हळदकुंकू लावत, पुसत मात्र कधी नसत. तो सगळा थर मी राखेनं घासून काढला.

"काऊन घासून राह्यला रे? लगीन लावतं का तिचं?" बाबा हसून म्हणाले.

खालून निघालं ते वेगळंच. कट्यारीची मूठ आडवी असते. हिची उभी, शिंगाची, मधे बारीक. पातं रुंद, वाकडं, दोन्ही अंगांना मधोमध उठलेली शीर. मी फोटो शेजारी धरला. मला आनंद झाला.

"बाबा, हा जंबिया हाय. अरबांचा खंजीर. निजामाकडं अरब शिपाई होते, त्यातल्या कोणाचा तरी."

बाबांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. "मंग आमचा पणजा फौजेत नव्हता?"

मला ते माहीत नव्हतं. फौजेतल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं हत्यार येऊ शकतं, एवढं तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तसा काई पुरावा नाई."

"सगळंच सांगाच लागते का तुमाले?" आतून बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तराजूला, विळ्याला कुंकू लावलं. जंबिया मी पुढे सरकवला.

"राहू दे," ते म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू हाय."

दसऱ्याला त्यांचे जुने मित्र सोनं द्यायला आले. "काहो, पणज्याचं हत्यार नाई दाखवत यंदा?" त्यांनी चिडवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चहा घ्या," एवढंच म्हणाले.

ती गोष्ट त्यांनी पुन्हा कोणालाही सांगितली नाही. संक्रांतीच्या आत ते गेले.

त्या गोष्टीत एक घोडा होता आणि पूर आलेली नदी होती. नदी कोणती, खापरपणजोबा पलीकडे कसे गेले, मला सांगता येत नाही. बाबा सांगत तेव्हा मी मोबाईल पाहत असायचो.