हिंमतचं राहिलेलं चाक

हिंमत गेल्याचा फोन आला तेव्हा मी चपला घालत होतो. रनाळ्यालाच निघालो होतो, त्याच्याकडे... दोन रविवार उशिरा. त्याची बायको, माझ्या वहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गयात हो..." आणि मी तसाच दारात बसलो.

हिंमत विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. साठी उलटल्यावर भाच्याने सुरतहून त्याला एक खेळणं आणून दिलं. काळा ट्रॅक, त्यात खाच, आणि खाचेतून विजेवर पळणाऱ्या बोटाएवढ्या गाड्या. लाल गाडी त्याची, निळी माझी. आम्ही दोघे म्हातारे दर रविवारी शर्यत लावायचो. लोक हसायचे, हसू देत. पण हिंमतला शर्यतीपेक्षा चाकांचं वेड. नवंकोरं चाकही त्याला गोल वाटत नसे. गाडी सुरू करून तो डोळे मिटायचा आणि टक... टक... ऐकायचा. रबर वाकडं बसलं असेल तर काढून, गोंद लावून पुन्हा बसवायचा. मग रबर जिथे उंच राहिलं असेल तिथे पांढरा ठिपका द्यायचा आणि पॉलिश पेपरवर ते चाक हळूहळू फिरवत घासायचा. मला कुठला एवढा धीर? एकदा मी जोर लावला आणि चाकाची एक बाजू पार सपाट करून टाकली. तो रागावला नाही. "दाबू नको रे. चाकले फिरू दे, तू फक्त धरी ठेव," म्हणाला. शर्यत संपली की दोन्ही गाड्या काडेपेटीवर टेकवून ठेवायचा, चाकं अधांतरी. चाकांवर उभी ठेवली तर रबर दबून सपाट होतं म्हणे.

मग त्याला कंपवात झाला आणि शर्यती थांबल्या. शेवटचा फोन त्याचाच होता. "मन्हा हात आते ऐकत नही. एक चाक डुली ऱ्हायनं. तू ये." मी म्हणालो, "येस, रविवारले." त्या रविवारी ऊन फार होतं. पुढच्या रविवारी कूलरवाला येणार होता. नंदुरबारहून रनाळं म्हणजे काही तोरणमाळचा घाट चढायचा नव्हता. मी आळस केला, दुसरं काही नाही. याची मला लाज वाटते आणि वाटत राहील.

दहाव्यानंतर वहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं. इतके दिवस मी समजत होतो की त्याच्या लाल गाडीचं चाक डुलतंय. काडेपेटीवर होती ती माझी निळी गाडी. तीन चाकं गोल झालेली, रबरावर थरथरत्या हाताचे वेडेवाकडे ओरखडे. चौथ्यावर पांढरा ठिपका. "तुम्हनी गाडी शे ना. रोज बसेत घासाले," वहिनी म्हणाल्या. "एवढंच ऱ्हायनं." मी त्यांच्यासमोरच रडलो.

गाडी आता माझ्याकडे आहे, टेबलावर, काडेपेटीवरच. रविवारी मी पॉलिश पेपर काढतो. चौथं चाक बोटाने फिरवतो, ठिपका वर येतो, खाली जातो... दाबायचं नाही, नुसतं धरायचं, आता मला जमेल. पण मी कागद परत ठेवून देतो. ते चाक गोल झालं, तर त्याने मला बोलावलेलं संपेल.