मोठा काटा तीनावर येईपर्यंत

गोळी त्याच्या जिभेवर होती आणि मावशीची दोन बोटं त्याच्या तोंडात. तो चावला. चांगला कचकन चावला. मावशीने बोटं काढली नाहीत. दुसऱ्या हाताने तिने त्याचं नाक दाबून धरलं, तसा श्वासासाठी त्याने जबडा उघडला. विरघळायला लागलेली पांढरी गोळी तिने बाहेर ओढली आणि लुगड्याला पुसली. लुगड्यावर तिच्या बोटाचं रक्तही लागलं. मग ती त्याला म्हणाली, "बोंबलाची चव आली का? आता चूळ भर."

तो म्हणजे माझा नवरा, दामू. आमच्यात नवऱ्याला एकेरीच बोलतात, मीही तसंच लिहिते. आणि मावशी म्हणजे सातपाटीहून आमच्या शिरगावात मासळी विकायला येणारी कोळीण. नात्याची कोणी नाही. सगळा गाव तिला घड्याळमावशी म्हणायचा, कारण तिच्या टोपलीत पापलेटांच्या बाजूला फडक्यात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ असायचं. विधवा झाल्यावर ती मुंबईच्या एका इस्पितळात हाडांच्या वॉर्डात अकरा वर्षं आया होती. तिकडून येताना ती हे घड्याळ घेऊन आली आणि बाकी सगळं तिकडेच सोडून आली, असं ती सांगायची.

दामू तेव्हा तारापूरकडे एका ठेकेदाराकडे कामाला होता. तिकडे नवीन इमारती उठत होत्या. घाईघाईने ओल्या फळीवरून उतरताना त्याचा पाय दोन फळ्यांत अडकला आणि अंग पुढे गेलं. हाड मोडलं नाही, पण गुडघ्याला बांधून ठेवणारा आतला पट्टा तुटला. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, पट्टा शिवला, मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, दिवसाला दोन, जेवणानंतर. दामूने त्या सहा-सहा घेतल्या, तेही उपाशीपोटी. प्लास्टर काढून घरी आणला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. पालघरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता यातली एक गोळी जरी पोटात गेली आणि पुन्हा रक्त आलं, तर माझ्याकडे आणू नका. माझ्या हातात काही राहणार नाही."

गुडघा मात्र रोज दुखत होता. रोज वाकवायचा होता, नाहीतर तो तसाच ताठ राहणार होता. मासळी घेऊन दारात आलेली मावशी त्याचं ओरडणं ऐकून आत आली, आणि मग रोजच येऊ लागली.

उरलेल्या गोळ्या मी टाकल्या नाहीत. डॉक्टरने दिलेलं औषध फेकायचं कसं, कोणाला ताप आला तर लागेल, म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवल्या. हा माझा मूर्खपणा. त्या दिवशीची गोळी त्याला तिथूनच काढून दिली होती ती सासूबाईंनी. मुलगा सकाळपासून ओरडत होता, त्यांना ऐकवेना.

मावशी त्यांना रागावली नाही. डबा तिने स्वतः उघडला, गोळ्या वाडीच्या पाटाच्या पाण्यात टाकल्या आणि सासूबाईंना म्हणाली, "बाय, तुजे हात रिकामे हायत म्हनून तू गोळी देतेस. ये हिकडं." मग त्यांना तेलाची वाटी दिली आणि त्याच्या मांडीला, पोटरीला चोळायला बसवलं. गुडघ्याला हात लावायचा नाही, त्याच्या वर आणि खाली. त्या दिवसापासून तो ओरडायला लागला की सासूबाई तेल घ्यायच्या. त्याला किती आराम पडायचा माहीत नाही. सासूबाई मात्र गप्प झाल्या, त्यानेच अर्धं काम झालं.

मावशी कधीही "दुखणार नाही" असं म्हणाली नाही. घड्याळ त्याच्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "दुकेल. मोठा काटा तीनावर येईपर्यंत दुकू दे. मग बोलू."

"आनि तीनावर आल्यावर?"

"मग सहावर."

"आनि जन्मभर?"

"जन्माचा काटा या घड्याळात नाय. मला पंधरा मिनटं दे."

तो शिव्या द्यायचा. मावशी म्हणायची, शिव्या दे, पण हळूहळू दे, गरम चहावर फुंकर मारतोस तसा श्वास सोड आणि त्यातून शिवी दे. लांब श्वासात शिवी बसत नाही. दोन-चार वेळा त्याने खरंच तसं करून पाहिलं आणि त्याला हसू आलं. हसता हसता पाय हलला आणि तो पुन्हा ओरडला.

त्याच्या गुडघ्याखाली आम्ही उशी ठेवली होती. तशी ठेवली की पाय थोडा वाकून राहायचा आणि बरं वाटायचं. मावशीने पहिल्याच दिवशी ती ओढून टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी, पाय सरळ. दामूने भिंतीवर मूठ आपटली. मी म्हटलं, "अगं, तेवढ्याने त्याला आराम पडतो."

"त्या आरामानंच वाकडा ऱ्हाईल. उशी घेऊन घरी गेलेले मुंबईला काठी घेऊन परत आलेले बगितले मी."

सासूबाई चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून गुडघा शेकायच्या. दुसऱ्या दिवशी गुडघा शहाळ्याएवढा व्हायचा. मावशीने वीट अंगणात ठेवली. "बाय, गुडगा हाय की भाकर?" मग टोपलीतला बर्फ काढला. सातपाटीच्या बंदरावर मासळीसाठी लागतो तोच, भुशात ठेवलेला. धुऊन, फोडून, जाड फडक्यात बांधून गुडघ्यावर ठेवला. घराला मासळीचा वास सुटला.

"मी काय पापलेट हाय का बर्फात ठेवायला?"

"पापलेट गप असते."

पंधरा मिनिटं झाली की ती बर्फ काढायची. एक मिनिट जास्त नाही. कातडी बधिर झाली की लगेच पाय वाकवायचा. त्याला झोपाळ्यावर बसवायचं, दोन्ही पावलं जमिनीवर, आणि झोपाळा अगदी चार बोटं मागेपुढे. झोपाळा पुढे आला की गुडघा वाकायचा. तिने हाताने कधी वाकवला नाही. "माजा हात आला की तू मला मारशील. झोपाळ्याला कोन मारनार?"

पाय सरळ करून मांडी आवळण्याचा व्यायाम त्याला जमत नव्हता. मांडी आवळ म्हटलं की तो दात आवळायचा. मग एके दिवशी मावशी फाटलेलं जाळं घेऊन आली. कोळी जाळं विणायला बसतात तेव्हा एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणून धरतात. तिने ते टोक त्याच्या दुखऱ्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं, हातात सुई दिली आणि गाठ शिकवली. जाळं सैल पडलं की गाठ चुकायची. गाठ चुकू नये म्हणून तो पाय ताणायचा. तासाभराने मी पाहिलं, मांडीचा स्नायू दगडासारखा कडक झाला होता आणि तो गाठींना शिव्या देत होता, गुडघ्याला नाही. जाळं मात्र त्याने इतकं वाईट विणलं की मावशी म्हणाली, यातनं देवमासा सुदा निघून जाईल.

चावलेल्या बोटाचं नख तिचं काळं पडून गळलं. ती तसंच खवले काढायची. दामू तिच्या हाताकडे बघायचा नाही.

मग तीन दिवस ती आली नाही. वारं सुटलं होतं. सातपाटीच्या काही होड्या परतल्या नव्हत्या आणि त्यातल्या एकीवर तिचा मुलगा होता, हे आम्हाला एसटीच्या माणसांकडून कळलं. सगळी बंदरावर उभी होती. बर्फ नाही, घड्याळ नाही, मावशी नाही.

पहिला दिवस कसातरी निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघा तापला, सुजला. दामू मला म्हणाला, "पालघरला जा. गोळ्या आन. एक घेतो. एकानं माणूस मरत नाय." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुला मी लंगडा पायजे, घरात बसलेला." मी नाही म्हटलं. मग तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मी चपला घातल्या. सासूबाईंनी मला पाहिलं आणि अडवलं नाही. मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं. "चढताय का, बाई?" मी दांडीला हात घातला होता. एक पाय पायरीवर होता. "चढा नायतर उतरा, लोक खोळंबलेत." मी पाय खाली घेतला. दया आली की विचार केला, मला विचारू नका. मला तो पालघरचा डॉक्टर दारात उभा दिसला, एवढंच.

घरी आले तर तो दाराकडेच बघत होता. हात रिकामे दिसल्यावर त्याने मला जे म्हटलं ते मी लिहिणार नाही. मी चादर फाडली, विहिरीच्या पाण्यात भिजवली, गुडघ्यावर घातली आणि सासूबाईंना पंखा घालायला सांगितलं. वाडीत रहाट चालू होता, प्रत्येक पोहरा उपडा झाल्याचा आवाज घरात येत होता. मी म्हटलं, "रहाटाचे पोहरे मोज. शंभर झाले की बोल, त्याच्या आत बोलायचं नाय."

"शंभरनंतर आनशील?"

"शंभर तर मोज."

तो मोजायला लागला. चुकला की मी पहिल्यापासून मोजायला लावायची. त्या दुपारी किती शंभर झाले माहीत नाही. बैल सोडला तेव्हा तो झोपला होता. तिसऱ्या दिवशी त्याने मला काही मागितलं नाही. स्वतःच म्हणाला, "फडका भिजव."

चौथ्या दिवशी मावशी आली. मुलगा आदल्या संध्याकाळी परतला होता. ती तीन दिवस झोपली नव्हती, डोळे लाल होते. आल्याआल्या तिने हाताची मागची बाजू गुडघ्यावर ठेवली. मग विचारलं, "बर्फ नवता. काय केलात?"

मी सगळं सांगितलं. थांब्यावर गेले होते तेही सांगितलं. पायरीवर पाय ठेवला होता तेही.

ती दामूला म्हणाली, "वाकव." तो स्वतः झोपाळ्यावर जाऊन बसला आणि त्याने गुडघा वाकवला. दात आवळले, पण वाकवला, पहिल्यापेक्षा जास्त.

"मग मी कशाला येते?" मावशी म्हणाली. "उद्यापासनं मासळी घेऊन येईन. पायजे असेल तर घ्या."

दुसऱ्या दिवशी ती दारात आली ती टोपली घेऊन, आणि बोंबलांवरून माझ्याशी पूर्वीसारखीच भांडली. आत आली नाही. गुडघ्याचं विचारलं नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. पण त्या दिवसापासून दामू कोणाची वाट न बघता झोपाळ्यावर बसायला लागला. पुढे माझी बाळंतपणं झाली, सासूबाईंचा खुबा मोडला, माझे दात गेले. कोणत्याच वेळी मी कोणी गोळी आणून देईल याची वाट पाहिली नाही. पंधरा मिनिटं मागितली, मग पुन्हा पंधरा मिनिटं.

पावसाआधी दामू चालत सातपाटीला जाऊन आला. ठेकेदाराने परत घेतलं, शिडीवर चढायचं काम मात्र दिलं नाही. रक्ताची उलटी पुन्हा झाली नाही. सासूबाई नंतर सहा वर्षं जगल्या. मावशी त्यांच्यानंतर गेली, तिच्या स्वतःच्या घरात, मुलाच्या हातून पाणी पिऊन. दामू म्हातारा होऊन गेला. मी आहे.